‘आणि मग’च्या पुढचं वाक्य : इंदूरच्या मराठी वर्गांना आणि निबंधस्पर्धांच्या परीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
इंदूरमधली मराठी मंडळं, रविवारचे मराठी वर्ग चालवणारे कार्यकर्ते आणि मुलांच्या निबंधस्पर्धांचे परीक्षक यांस

विषय : पहिली ते पाचवीच्या मुलांना जोडवाक्यं लिहायला शिकवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव जवळ आला की रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंत मुलांच्या स्पर्धांची पत्रकं निघतात. पाठांतर, रंगभरण, हस्ताक्षर, निबंध. निबंधांचा गठ्ठा सोडला की त्यात दोन जातींचं लेखन सापडतं. बहुतेक पानांवर हे असतं :

“आम्ही राजवाड्यावर गेलो. मग आम्ही सराफ्यात गेलो. मग बाबांनी जलेबी घेतली. आणि मग खूप गर्दी होती. मग आम्ही घरी आलो.”

आणि वरच्या चार-पाच पानांवर हे :

“इंदूर हे एक असे शहर आहे जो की स्वच्छतेसाठी प्रसिद्ध आहे आणि ज्यामध्ये अनेक वास्तू आहेत ज्या की पाहण्यासारख्या आहेत.”

बक्षीस दुसऱ्याला जातं, कारण वाक्य लांब आहे आणि भारदस्त दिसतं. आमचं मत उलटं आहे. पहिलं मूल मराठीत विचार करतंय, त्याचे सांधे तेवढे कच्चे आहेत. दुसऱ्याचं वाक्य हिंदीच्या साच्यात ओतून मोठ्यांनी पाठ करून घेतलेलं आहे. पहिल्याला पुढे न्यायला एक हंगाम पुरतो. दुसऱ्याची ‘जो की’ची सवय मोडायला त्याहून जास्त लागतो. (जलेबी की जिलबी हा वाद इथे नको. इंदुरात जलेबीच.)

भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय असावी, असं संविधानाचं ३५० ‘अ’ कलम १९५६ पासून सांगतं. कलम कागदावर आहे. इथल्या बहुतेक मराठी मुलांची शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची असते आणि लिहिलेल्या मराठीशी त्यांची गाठ पडते ती रविवारच्या एका तासात. हे पत्र त्या एका तासाबद्दल आहे.

त्या तासातली पहिली चूक म्हणजे वाक्यांचे प्रकार फळ्यावर लिहून त्यांच्या व्याख्या पाठ करून घेणं. केवल, मिश्र, संयुक्त. या व्याख्या आठवी-नववीत कामाच्या आहेत. तिसरीतल्या मुलाच्या लेखनावर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही, उलट शिकवणाऱ्याची दिशाभूल होते. ही तीन वाक्यं पाहा :

पाऊस पडल्यामुळे सामना रद्द झाला.
पाऊस पडला म्हणून सामना रद्द झाला.
सामना रद्द झाला, कारण पाऊस पडला.

शाळेच्या व्याकरणाप्रमाणे पहिलं केवल, दुसरं संयुक्त आणि तिसरं मिश्र. अर्थ तिन्हींचा एकच. मुलाने डोक्यात केलेलं कामही एकच : दोन घटनांमधलं कारण ओळखून ते शब्दांत धरलं. तरी मिश्र वाक्यं शोधायला बसलेला परीक्षक पहिल्या वाक्यावर ‘सोपं वाक्य’ असा शेरा मारून पुढे जातो. मराठीत तर पहिलंच वाक्य सगळ्यात घट्ट विणीचं आहे. म्हणून मुलांसमोर तिन्हींना एकच नाव द्यावं : जोडवाक्य. व्याकरणातले प्रकार शिक्षकाने मनात ठेवावेत, फळ्यावर आणू नयेत.

परदेशात यावर मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेत केलॉग हंट यांनी १९६५ साली चौथी, आठवी आणि बारावीच्या मुलांचं लेखन वाक्यावाक्याने मोजलं. लहान मुलं पूर्ण वाक्यं ‘आणि’ने एकापुढे एक ओवत जातात, मोठी मुलं तोच मजकूर एका वाक्याच्या पोटात दुसरं घालून सांगतात, असं त्यांना दिसलं. पुढे २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहॅम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या लेखनशिक्षणावरचे प्रयोग एकत्र तपासले. दोन-तीन छोटी वाक्यं जोडून एक करण्याच्या सरावाचा मुलांना फायदा झालेला होता, व्याकरणाच्या सुट्या पाठांचा झालेला नव्हता. हे सगळं इंग्रजी लेखनाबद्दलचं आहे आणि त्यातले आकडे मराठीवर चिकटवणं बरोबर नाही. पण ‘मग… मग…’ लिहिणारं मूल मंद नसून वयाप्रमाणेच लिहितंय, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

आता शिकवायचं कसं, ते. सुरुवात मुलाच्याच पानावरून करा. वर दिलेल्या पानात ‘मग’ पाच वाक्यांत चार वेळा आलं आहे, त्यातले तीन बरोबर आहेत. गेलो, घेतली, आलो या घटना आहेत आणि एकामागून एक घडल्या आहेत. बिघडलं आहे ते ‘आणि मग खूप गर्दी होती’ इथे. गर्दी ही घटना नाही, ती आधीपासून असलेली स्थिती आहे. मुलाला म्हणायचं असतं, ‘खूप गर्दी होती म्हणून आम्ही लगेच घरी आलो’, आणि हातात शब्द एकच असतो, ‘मग’. जिथे ‘मग’च्या पुढे होता, होती, होतं येतं तिथे एक जोडवाक्य दडलेलं असतं. परीक्षकांनीसुद्धा हे चिन्ह ओळखायला शिकावं. बाकीचे ‘मग’ राहू द्या, सगळे खोडले तर मूल लिहायचंच थांबतं.

पेन हातात देण्याआधी दहा मिनिटं तोंडी काम. फळ्यावर एक साधं वाक्य : ‘आजी धावली.’ मग चार प्रश्न, याच क्रमाने : केव्हा? का? कोणती आजी? आणि नसती धावली तर? मुलं उत्तरं तुटक देतात. ‘गाडी आली.’ ‘कचरा द्यायचा होता.’ उत्तर आलं की ते मूळ वाक्याला जोडून पुन्हा पूर्ण म्हणायला लावायचं : ‘कचऱ्याची गाडी आल्यावर आजी धावली.’ ‘ओला डबा द्यायचा राहिला होता म्हणून आजी धावली.’ ‘आजी धावली नसती तर डबा उद्यापर्यंत घरातच राहिला असता.’ इंदूरच्या पोराला कचऱ्याची गाडी समजावून सांगावी लागत नाही, ती गल्लीत गाणं वाजवतच येते. घरी-दारी घडणारा विषय घेतला की मुलाचं सगळं लक्ष जोडणीवर राहतं. ‘फुलपाखरू’ किंवा ‘निसर्ग’ घेतला की अर्धी शक्ती काय लिहायचं यातच संपते.

जे मूल बोलताना जोडू शकत नाही ते लिहिताना जोडणार नाही. म्हणून पहिलीत आणि दुसरीच्या पहिल्या सहा महिन्यांत हे काम तोंडीच ठेवावं. लेखनात ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’ एवढे तीन शब्द पुरतात.

दुसरीच्या उत्तरार्धापासून पट्ट्या. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा दोन इंच रुंद, आठ इंच लांब कापायचा. चार मुलांच्या गटाला बारा पांढऱ्या पट्ट्या, प्रत्येकीवर एक छोटं पूर्ण वाक्य, आणि आठ पिवळ्या, प्रत्येकीवर एक जोडशब्द. मुलांनी दोन पांढऱ्या आणि एक पिवळी जमिनीवर मांडायची, मोठ्याने वाचायची, कानाला बरी लागली तर वहीत उतरवायची. एका बैठकीत पाच-सहा जोडवाक्यं झाली की थांबायचं. पांढऱ्या पट्ट्यांवर मुलांच्याच मागच्या आठवड्याच्या वह्यांतली वाक्यं घ्यावीत. पुस्तकातली वाक्यं आधीच गुळगुळीत असतात, त्यांना जोडायला जागा उरलेली नसते.

जर–तर, जेव्हा–तेव्हा, जरी–तरी, जिथे–तिथे, जितका–तितका, जोपर्यंत–तोपर्यंत यांच्या पट्ट्या मात्र सुट्या ठेवू नका. जोडीतल्या दोन्ही पट्ट्या वीतभर दोऱ्याने एकमेकींना बांधा. पहिली उचलली की दुसरी ओढली गेलीच पाहिजे. इंग्रजी माध्यमाची मुलं लिहितात, ‘जर पाऊस आला, आपण जाणार नाही.’ इंग्रजीत दुसऱ्या अर्ध्याला शब्द लागत नाही म्हणून ती तो इथेही घालत नाहीत. मराठीचा कल नेमका उलटा आहे : जोडीतला पहिला शब्द गळला तर चालतं, दुसरा गळला की वाक्य लंगडतं. ‘पाऊस आला तर आपण जाणार नाही’ हे झकास मराठी आहे. ‘मी आलो तेव्हा तो झोपला होता’, ‘ताप होता तरी ती शाळेत गेली’ हीसुद्धा. तेव्हा शिकवताना दोन्ही शब्द घालून सुरुवात करावी आणि दोन-तीन आठवड्यांनी दोरा कापून पहिली पट्टी बाजूला ठेवायला सांगावं. ‘जर’ आणि ‘जेव्हा’ प्रत्येक वाक्यात कोंबणारं मूल बरोबर लिहितं, पण सरकारी पत्रकासारखं लिहितं.

‘जरी’ची एक खास इंदुरी चूक आहे : ‘जरी पाऊस होता पण आम्ही गेलो.’ हिंदीतल्या ‘भले ही… लेकिन’ची ही सावली. ‘जरी’ आला की ‘तरी’ आणि ‘पण’ हवा असेल तर ‘जरी’ नको, एवढंच सांगायचं. याहून जास्त स्पष्टीकरण दिलं की मुलं गोंधळतात.

‘कारण’ आणि ‘म्हणून’ सोपे वाटतात आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मूल लिहितं, ‘मला ताप होता कारण मी शाळेत गेलो नाही.’ दोन घटना एकमेकींशी संबंधित आहेत हे त्याला कळलंय, बाण कुणीकडून कुणीकडे हे लिहिताना उलटलं. यावर खात्रीचा उपाय असा : पहिला अर्धा म्हणून थांबायचं आणि ‘का?’ विचारायचं. दुसरा अर्धा त्याचं उत्तर असेल तर ‘कारण’. नसेल तर पहिल्या अर्ध्यानंतर ‘मग काय झालं?’ विचारायचं, उत्तर जुळलं तर ‘म्हणून’. मुलांनी हे दोन-दोनच्या जोड्यांत एकमेकांना विचारावं. ‘क्योंकि’च्या वजनाने येणारं ‘कारण की’ बोलण्यात खपतं, लिहिताना नुसतं ‘कारण’ पुरतं.

‘म्हणून’ आणखी दोन कामं करतो. हेतू सांगतो : ‘पक्ष्यांना पाणी मिळावं म्हणून आजोबा गच्चीवर मातीचं भांडं ठेवतात.’ इथे क्रियापद मिळावं, यावं, दिसावं असं होतं आणि हे रूप हिंदीच्या वळणात वाढलेल्या मुलांना आपोआप येत नाही, मुद्दाम म्हणून घ्यावं लागतं. आणि बोललेलं सांगतो : ‘लगेच येतो म्हणून सांगून गेला.’ हेतूचा ‘म्हणून’ चौथीत घ्यावा, बोलण्याचा पाचवीत. तिन्ही एकदम घेतले तर पहिला पक्का झालेलाही सुटतो.

तिसरीचा मुख्य खुराक म्हणजे क्रियापदाला जोडून येणारी रूपं : येऊन, येताना, आल्यावर, आल्यामुळे, येण्यासाठी. मराठीचं खरं सामर्थ्य इथे आहे आणि निबंधाच्या गुणांत त्याला जागाच नसते. ‘ऊन’ची एक अट आहे, दोन्ही कामं एकानेच केलेली हवीत. ‘शाळेतून येऊन मी जेवलो’ ठीक. ‘शाळेतून येऊन पाऊस आला’ चूक, कारण शाळेतून पाऊस आलेला नाही. मुलं या उदाहरणावर हसतात आणि हसल्यामुळे ते लक्षात राहतं. करणारे दोन असतील तर ‘-ल्यावर’ : ‘मी शाळेतून आल्यावर पाऊस आला.’ शुद्धलेखनात ‘ऊन’चा उकार दीर्घ : करून, बसून, लिहून. ‘जावून’, ‘खावून’ लिहू नये, मूळ धातू जा आणि खा आहेत, म्हणून जाऊन, खाऊन. ‘धावून’, ‘ठेवून’, ‘जेवून’ बरोबर, कारण तिथे व धातूचाच आहे. हा नियम तिसरीतल्या मुलाला पाच मिनिटांत कळतो. मोठ्यांच्या आमंत्रणपत्रिकांतही तो पाळला गेला असता तर बरं झालं असतं.

चौथीत जो–तो. इथे हिंदीचा अडथळा मोठा आहे आणि त्याचं कारण अगदी नेमकं सांगता येतं. हिंदीत ‘जो’ लिंगाप्रमाणे बदलत नाही : जो लड़का, जो लड़की. मराठीत बदलतो. जो मुलगा–तो, जी मुलगी–ती, जे झाड–ते. अनेकवचनात जे मुलगे–ते, ज्या मुली–त्या, जी झाडं–ती. म्हणून इथली मुलं ‘जो मुलगी आली ती’ असं निःशंकपणे लिहितात. ‘शहर जो की’ हेही तेच, शहर नपुंसकलिंगी आहे याचा पत्ताच नाही. वर्गातल्या वस्तू घेऊन हा सराव तोंडी करावा. वही, पेन, दप्तर, खुर्च्या, पुस्तकं हातात धरून ‘जी वही फाटली ती माझी’, ‘जे दप्तर निळं ते तिचं’. विभक्ती लागली की ज्याला, जिला, ज्यांना. हे लगेच घेऊ नये, महिनाभराने घ्यावं.

दुसरी अडचण क्रमाची. ‘तो मुलगा जो काल आला होता माझा मित्र आहे’ असं वाक्य हिंदी-इंग्रजीच्या वळणावर पडतं. मराठीत ‘जो’चा भाग आधी आणि ‘तो’चा मागून : ‘जो मुलगा काल आला होता तो माझा मित्र आहे.’ हे जमलं की तिसरी पायरी दाखवा : ‘काल आलेला मुलगा माझा मित्र आहे.’ सहा शब्दांचा ऐवज तीनात बसला. आलेला, येणारा, फाटलेली, वाहणारी ही रूपं आली की ‘जो की’ आपणच झडतो. ‘राजवाडा, जो की सात मजली आहे, तो शहराच्या मध्यभागी आहे’ हे वाक्य मुलांसमोर ठेवा आणि जास्तीचे शब्द मोजायला सांगा. ‘सात मजली राजवाडा शहराच्या मध्यभागी आहे.’ लांबीला गुण देण्याची सवय परीक्षकांनी सोडावी असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

‘की’बद्दल थोडं. हिंदीत ‘कि’ ऱ्हस्व, मराठीत ‘की’ दीर्घ. शाळेच्या वहीत बरोबर असलेलं रविवारच्या वहीत चूक ठरतं, म्हणून रागावू नये, दोन्ही शेजारी लिहून दाखवावं. मराठीत ‘की’चं एक काम फार सुंदर आहे : ‘मोहरी तडतडली की कांदा घाल.’ घटना झाली रे झाली की पुढची. मुलांच्या कानात हे आजीकडून आलेलं असतं, लिहिताना मात्र ती ‘मोहरी तडतडते मग कांदा टाकतात’ लिहितात. बोललेलं सांगतानाही इंग्रजी माध्यमाच्या मुलांची एक खोड दिसते. इंग्रजीत काळ बदलावा लागतो तसा ती मराठीत बदलतात. ‘आई म्हणाली की ती बाजारात जात होती.’ आई म्हणाली होती, ‘मी बाजारात जातेय.’ मराठीत काळ बदलायची गरज नाही. ‘आई म्हणाली, मी बाजारात जातेय’ असं सरळ लिहू द्यावं.

‘जोपर्यंत’ पाचवीपर्यंत थांबवावा. ‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत थांब’ यात ‘नाही’ हवा, ‘तो येईपर्यंत थांब’ यात नको. मुलं दोन्हींची खिचडी करून ‘तो न येईपर्यंत थांब’ लिहितात. आधी ‘येईपर्यंत’ पक्कं करा, ते छोटं आहे आणि ‘नाही’चा प्रश्नच येत नाही.

विरामचिन्हांत एकच गोष्ट. शाळेत हिंदीसाठी उभा दंड, मराठीत टिंब. पूर्णविराम म्हणून दंड दिला तर गुण कापू नयेत, खाली टिंब देऊन दाखवावं.

साठ मिनिटांचा तास असेल तर दहा मिनिटं तोंडी, पंधरा पट्ट्या, वीस स्वतःचं लेखन आणि पंधरा मोठ्याने वाचन व दुरुस्ती. दुरुस्ती शेवटी आणि त्याच दिवशी. वह्या घरी नेऊन लाल करून पुढच्या रविवारी परत दिल्या तर मुलाला स्वतःचं वाक्य परकं झालेलं असतं. एका पानावर एकाच प्रकारची चूक धरावी. या महिन्यात ‘कारण–म्हणून’ घेतले असतील तर बाकी चुका दिसल्या तरी सोडाव्यात, जीवावर आलं तरी. मुलाने मोठ्याने वाचावं, ते जिथे अडखळेल तिथे शेजारच्या मुलाने पेन्सिलीचा ठिपका द्यावा, दुरुस्ती ज्याची त्याने करावी. पाचातली तीन ठिकाणं मुलांना स्वतःलाच सापडतात.

चार-सहा आठवड्यांनी एक वेगळंच दुखणं सुरू होतं, त्याची तयारी ठेवा. मुलाला जोडायची गोडी लागते आणि ते सगळंच जोडतं : ‘सकाळी उठून दात घासून दूध पिऊन शाळेत जाताना पाऊस आल्यामुळे भिजल्यावर मी रडलो म्हणून…’ हे चांगलं लक्षण आहे, पण तसंच सोडू नये. एका श्वासात वाचता आलं नाही की वाक्य तोडायचं. चौथीपर्यंत एका वाक्यात जास्तीत जास्त दोन जोड. आणि एखाद्या लांब वाक्यापाठोपाठ एक आखूड. ‘मी भिजलो. आई हसली.’ आखूड वाक्याला बक्षीस मिळू शकतं हे मुलांना कळायला हवं.

आता परीक्षकांकडे. विषयच वाक्य ठरवतो. ‘माझे शहर’, ‘माझी आई’ दिलं की मूल गुणांची यादी करतं : इंदूर स्वच्छ आहे, इंदूर मोठे आहे. यादीला जोड लागत नाहीत. कारण, अट, क्रम आणि हेतू मागणारे विषय द्या. तिसरी-चौथीला ‘सकाळी कचऱ्याची गाडी चुकली तर’, ‘कधीही पोहे न खाल्लेल्याला इंदुरी पोहे कसे करतात ते सांगा’, ‘आजीला मोबाईलवर फोटो पाठवायला शिकवताना’. पोह्यांच्या विषयात सगळी रूपं हात जोडून उभी असतात : पोहे निथळेपर्यंत थांबायचं, वाफेवर ठेवल्यामुळे मऊ राहतात, वाढल्यावर वरून शेव आणि जिरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला. पाचवीला ‘सिरपूरच्या तलावावर पक्षी का येतात आणि कशामुळे येणार नाहीत’ किंवा ‘गेर (रंगपंचमीची मिरवणूक) पाहायला जायचं की घरी थांबायचं’. उत्तर चूक-बरोबर नसावं, मुलाला कारणं द्यावी लागावीत.

गुण वीस धरले तर आमची सूचना अशी : आशयाला आठ, वाक्यजोडणीला सहा, शब्दांना तीन, शुद्धलेखनाला तीन. जोडणीचे सहा गुण देताना आठ-दहा ओळींचा एक तुकडा निवडावा आणि तीनच गोष्टी पाहाव्यात. ‘आणि’, ‘मग’ सोडून किती निरनिराळ्या रीतींनी जोडलंय, जोडाने खरं नातं सांगितलंय का, आणि एखादं आखूड वाक्य जागेवर आलंय का. हस्ताक्षराची स्पर्धा वेगळी असतेच, तेव्हा निबंधात हस्ताक्षराला गुण नकोत. शब्दमर्यादा शंभर ते दीडशे पुरे, तीनशे शब्द मागितले की घरून पाठ करून आणतात. विषय आधी जाहीर करू नका, त्याच दिवशी तीन द्या आणि एक निवडू द्या. आणि पाचवीपर्यंतच्या कोणत्याही स्पर्धेत ‘वाक्याचा प्रकार ओळखा’ हा प्रश्न नको.

यंदाच्या गणपतीची पत्रकं छापायला जाण्यापूर्वी विषयांची यादी आणि गुणांचा तक्ता एवढ्या दोन गोष्टी बदलल्या तरी चालेल. पट्ट्यांसाठी खर्च नाही, घरोघरी लग्नपत्रिकांचे गठ्ठे पडून आहेत. वीस मुलांच्या वर्गाला शंभर पट्ट्या लागतात आणि त्या कापायला दोन माणसांना एक दुपार.

आपले,
मराठी लेखन शिकवणारे काही शिक्षक
इंदूर